कडधान्याचें खत : मुळाशीं द्यावें कीं पानावर?

खरिपाची पेरणी आटोपून सोयाबीन वीतभर वर आलें, म्हणजे परभणीच्या मोंढ्यांतील खतांच्या दुकानांपुढें पुन्हां गर्दी होऊं लागते. जून महिन्यांत जो शेतकरी गोणी घेण्यास आला होता तोच आतां बाटली घेण्यास येतो. गोणींतील खत जमिनींत जातें, बाटलींतील औषध पानांवर फवारतात. लोक दोहोंसही खतच म्हणतात. आणि दोहोंचें काम एकच आहे असें समजून कित्येक जण पहिल्यांत काटकसर करितात व तो पैसा दुसऱ्यांत घालतात. "मातींत टाकलें तर निम्में वाया जातें, पानावर मारलें तर थेट झाडाच्या पोटांत जातें," हें वाक्य हल्लीं पुष्कळांच्या तोंडीं आहे. तें कितपत खरें आहे ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे. विषय शेतीचा असला तरी त्यांत घरचा पैसा, दुकानदाराची उधारी आणि मुलांच्या हातीं जाणारी जमीन हीं तिन्हीं गुंतलेलीं आहेत. शिवाय गांवांत ज्यास वाचतां येतें अशा उपदेशकाकडे किंवा मास्तरांकडे शेजारी बाटली घेऊन येतात व "ह्यावर काय लिहिलें आहे तेवढें सांगा" असें म्हणतात. उत्तर देणाऱ्यास उत्तर ठाऊक असावें हें बरें.

प्रथम हीं पिकें इतर पिकांहून निराळीं कां, तें पाहूं. तूर, मूग, उडीद, हरभरा, भुईमूग व सोयाबीन हीं एकाच कुळांतील झाडें होत. सरकारी दप्तरांत सोयाबीन व भुईमूग गळिताच्या धान्यांत मोडतात, तरी त्यांचा मूळ स्वभाव कडधान्याचाच आहे. तो स्वभाव पाहावयाचा असेल तर वर्ग चालविणाऱ्यानें पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनीं सोयाबीनचें एक झाड वर्गांत आणावें. तें हातानें उपटूं नये, कुदळीनें भोंवतालच्या मातीसकट खणून काढावें. कारण उपटतांना जें पाहावयाचें तेंच तुटून मातींत राहतें. मुळें पाण्यांत हलकेच धुतलीं म्हणजे त्यांवर मोहरीएवढ्या, कांहीं ठिकाणीं मटकीएवढ्या गांठी दिसतील. हा रोग नव्हे. एक गांठ नखानें चिरावी. आंतून ती गुलाबी अथवा तांबूस निघाली तर ती काम करीत आहे असें समजावें. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती झाडाचें अन्न बसून खात आहे, देत कांहींच नाहीं.

ह्या गांठींचें काम काय, हें मनुष्यास फार दिवस कळलें नव्हतें. कडधान्यानंतर जोंधळा चांगला येतो हें आपल्या वाडवडिलांस अनुभवानें माहीत होतें. कारण माहीत नव्हतें. १८८६ सालीं हेलरीगेल नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें बर्लिन येथें भरलेल्या सभेंत तें सांगितलें. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें भाजून निर्जंतुक केलेल्या वाळूंत वाटाणा लाविला. तो खुरटला व त्याच्या मुळांवर गांठी आल्या नाहींत. तशाच वाळूंत शेतांतील मातीचें थोडें पाणी घातलें, तेव्हां गांठी आल्या व वाटाणा नत्राच्या खताशिवाय जोमानें वाढला. मातींतील कोणी सूक्ष्म जीव हें काम करितात असें त्यावरून ठरलें, आणि पुढें दोनच वर्षांनीं, १८८८ सालीं, बायेरिंक नांवाच्या डच शास्त्रज्ञानें तो जिवाणू वेगळा काढून दाखविला. हवेचे शंभर भाग केले तर त्यांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच असतें, पण कोणत्याही झाडास तें जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. हा जिवाणू तें पकडून झाडास मानवेल अशा रूपांत देतो व मोबदल्यांत झाड त्यास साखर देतें. म्हणजे शेतकऱ्याच्या बांधाच्या आंत, एक पैसाही न घेतां चालणारा खताचा कारखानाच तो आहे.

पण हा कारखाना आपोआप सुरू होईलच असें नाहीं. मूग व तुरीचे जिवाणू आपल्या काळ्या मातींत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. सोयाबीन मागाहून आलेलें पीक, त्याचा जिवाणू निराळा. हरभऱ्याचा तर आणखी निराळा. म्हणून पेरणीपूर्वीं ज्या त्या पिकाच्या जिवाणूचें पाकीट आणून, दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम ह्या प्रमाणांत चोळावें, बियाणें सावलींत सुकवावें आणि त्याच दिवशीं पेरावें. बुरशीचें औषध लावावयाचें असेल तर तें आधीं, किड्याचें त्यानंतर, आणि जिवाणू सर्वांच्या शेवटीं. हा क्रम उलटला तर विषांत जिवंत प्राणी बुडविल्यासारखें होतें. पाकिटावरील मुदतही पाहावी. उन्हांत ठेवलेलें जुनें पाकीट स्वस्त मिळालें तरी महागच पडतें.

आतां युरियाकडे येऊं. सोयाबीन जरा पिवळें दिसलें कीं पुष्कळ जण मूठभर युरिया फेंकतात, आणि आठ दिवसांत शेत काळेंभोर दिसूं लागतें. शेजारीही वाखाणणी करितात. परंतु झाडास जमिनींतून आयतें नत्र मिळूं लागलें म्हणजे तें गांठींना साखर देण्यांत हात आंखडतें; नव्या गांठी कमी होतात व जुन्यांचें काम मंदावतें. कारखाना शेतकऱ्यानें स्वतःच्या खर्चानें बंद पाडलेला असतो. झाड पसरतें, माजतें, पानांत जातें. शेंगा मात्र त्या मानानें लागत नाहींत. येथें कोणी म्हणेल, मग पेरणीच्या वेळीं थोडें नत्र देण्यास कां सांगतात? त्याचें कारण असें कीं गांठी तयार होऊन काम करूं लागण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तोंपर्यंत कोवळ्या रोपास शिदोरी म्हणून हेक्टरीं २५ ते ३० किलो नत्र पुरेसें होतें. शिदोरी प्रवासापुरती असते. ती जन्मभर पुरवावयाची नसते.

खऱ्या अर्थानें जें बाहेरून द्यावयाचें तें स्फुरद. सोयाबीनला हेक्टरीं ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश, आणि मूग, उडीद, तूर, हरभरा ह्यांस २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद, अशी सर्वसाधारण शिफारस आपल्या भागांत आहे. सोयाबीनच्या एका एकरास हें प्रमाण १२, २४ व १२ किलो होतें. सिंगल सुपर फॉस्फेटमध्यें शेंकडा १६ स्फुरद असतें. म्हणजे पन्नास किलोंच्या तीन गोण्यांत बरोबर २४ किलो मिळतें. त्यासोबत २६ किलो युरिया व २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिलें कीं हिशेब पुरा झाला. डीएपीच्या एका गोणींत २३ किलो स्फुरद व ९ किलो नत्र असतें, आणि एकच गोणी वाहून न्यावी लागते, म्हणून लोक तीच पसंत करितात. पण सुपर फॉस्फेटमध्यें शेंकडा अकरा-बारा गंधकही असतो. डीएपींत तो नसतो. सोयाबीनच्या दाण्यांत तेल व प्रथिनें दोन्हीं असतात व त्यांस गंधक लागतोच. सुपर फॉस्फेटच्या जड गोण्या आणणें त्रासाचें आहे हें खरें, तरी माझ्या मतें सोयाबीनच्या शेतकऱ्यानें तो त्रास घ्यावा.

स्फुरदाविषयीं आणखी थोडें सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं, कारण "मातींत टाकलेलें वाया जातें" ह्या बोलण्याचा उगम येथेंच आहे. परभणी जिल्ह्याची जमीन काळ्या फत्तराची झीज होऊन झालेली आहे. गोदावरी, पूर्णा व दुधनेच्या कांठची माती खोल व चिकण, जिंतूरच्या डोंगराकडची उथळ व मुरमाड. बहुतेक ठिकाणीं तींत चुनखडी आहे. अशा मातींत स्फुरद पडलें कीं चुना त्यास बांधून ठेवितो; पहिल्या हंगामांत पिकाच्या वांट्यास त्याचा लहानसा भागच येतो. म्हणून तें वरून फेंकणें हा सर्वांत वाईट मार्ग. दोन चाड्यांच्या पाभरीनें अथवा पेरणीयंत्रानें तें बियाण्याच्या खालीं दोन बोटें पडावें, म्हणजे त्याचा थोड्या मातीशींच संबंध येतो व कोवळें मूळ सरळ त्यावर जातें. शेणखतांत मिसळून दिलें तर त्याहूनही बरें. जें बांधलें गेलें तें सर्व नाहींसें होत नाहीं. पुढच्या पिकांस हळूहळू सुटत राहतें. तें सोडविण्याची विद्या कांहीं कडधान्यांना निसर्गानेंच दिली आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेंत काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं १९९० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं तुरीच्या मुळांतून एक आम्ल स्रवतें व तें लोहाशीं जखडलेलें स्फुरद मोकळें करितें. तें तांबड्या जमिनीस विशेष उपयोगी. आपल्या चुनखडीच्या जमिनींत हरभरा अधिक कामाचा. त्याच्या पानांवरील आंब सर्वांस ठाऊक आहे. पण मुळांतूनही तो लिंबाच्या रसांत असतें तेंच आम्ल मातींत सोडतो, आणि चुन्याशीं बांधलेलें स्फुरद त्यानें विरघळतें. रब्बींत हरभरा नुसत्या ओलीवर व थोड्या खतावर निभावून नेतो, त्याचें एक कारण हें आहे.

आतां पानाकडे वळूं. पानास तोंड नाहीं. पण त्यावरील मेणचट कातडींतील अतिसूक्ष्म वाटांनीं व श्वासाच्या छिद्रांनीं विरघळलेलें अन्न आंत शिरूं शकतें. युरिया कांहीं तासांपासून एक-दोन दिवसांत शिरतो, स्फुरदास अधिक दिवस लागतात. अमेरिकेंत मिशिगन येथें १९५० नंतरच्या दशकांत किरणोत्सर्गी स्फुरदाचा उपयोग करून पानांतून घेतलेलें अन्न झाडांत कसें फिरतें हें शोधण्यांत आलें. तेव्हां पान खातें कीं नाहीं, हा वादच नाहीं. वाद आहे तो किती खातें ह्याचा. आणि त्याचें उत्तर साध्या त्रैराशिकानें मिळतें. वर्ग चालविणाऱ्यानें फळ्यावर पुढील हिशेब मांडावा.

एका एकरांत आठ क्विंटल सोयाबीन उतरलें असें धरूं. सोयाबीनच्या दाण्यांत शंभरास सुमारें सहा भाग नत्र असतें. म्हणजे आठशें किलो दाण्यांतून जवळजवळ ५० किलो नत्र शेताबाहेर गेलें. आतां फवारणी पाहा. एकरास २०० लिटर पाणी, त्यांत शेंकडा दोन प्रमाणें ४ किलो डीएपी. चार किलो डीएपींत नत्र किती? १८ टक्क्यांनीं फक्त ७२० ग्रॅम. दोनदां फवारलें तरी दीड किलोस कमी. कोठें पन्नास आणि कोठें दीड! उरलेलें नत्र गांठींनीं व जमिनीनेंच दिलेलें असतें. स्फुरदाचा हिशेब इतका वाईट नाहीं. त्याच आठ क्विंटलांत स्फुरद सुमारें अकरा किलो असतें, आणि एका फवारणींत तें १,८४० ग्रॅम, म्हणजे गरजेचा सहावा हिस्सा, तेंही सर्व पानानें घेतलें असें धरून. प्रत्यक्षांत गाळ खालीं राहतो व थेंब जमिनीवर पडतात. ज्या विद्राव्य खताच्या पाकिटावर १९:१९:१९ असें असतें तें एकरास एक किलो फवारलें तर त्यांतून झाडास प्रत्येकीं १९० ग्रॅम मिळतात. एवढ्यानें कोणाचेंही पोट भरणार नाहीं.

परंतु हाच हिशेब जस्ताचा करून पाहा, म्हणजे चित्र पार उलटतें. आठ क्विंटल सोयाबीनच्या दाण्यांत जस्त असतें अवघें तीस-चाळीस ग्रॅम. शेंकडा अर्धा प्रमाणें झिंक सल्फेट फवारलें तर २०० लिटरांत १ किलो लागतें व त्यांत जस्त सुमारें २१० ग्रॅम असतें. दाण्यांस लागणाऱ्या जस्ताच्या पांचपट एका फवारणींत पानावर पोंचलें! लोहाचेंही असेंच आहे. म्हणून जें किलोंनीं लागतें तें मुळांनीं खावें आणि जें ग्रॅमांनीं लागतें तें पानानें घेतलें तरी चालतें, असा भेद लक्षांत ठेवावा. आपल्या चुनखडीच्या जमिनींत जस्त व लोह दोन्हीं असूनही मुळांस मिळत नाहींत, हें येथें विशेष महत्त्वाचें. पाऊस लागून राहिला, शेतांत पाणी तुंबलें, कीं सोयाबीनचीं व भुइमुगाचीं शेंड्याकडील कोवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाचा अभाव होय. त्यावर युरिया फेंकणें म्हणजे ताप आलेल्यास जेवण वाढणें. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, शेंकडा अर्धा घेऊन, त्यांत त्याच्या निम्म्यानें चुना कालवून गाळून फवारावें. लोह एका पानांतून दुसऱ्यांत फारसें जात नाहीं. म्हणून आठ-दहा दिवसांनीं नव्या पानांसाठीं पुन्हां एकदां फवारावें लागतें. आणि पहिला उपाय फवाऱ्याचा नव्हे, चरी काढून तुंबलेलें पाणी बाहेर घालविण्याचा. रुंद वरंबा व सरी पाडून पेरणाऱ्यांचें शेत अशा वेळीं उठून दिसतें.

किलोंनीं लागणाऱ्या अन्नाची फवारणीही एका प्रसंगीं सार्थकीं लागते, तो प्रसंग नीट समजून घ्यावा. शेंगांत दाणा भरूं लागला कीं तो सगळी साखर ओढून घेतो. गांठी उपाशी पडतात व त्यांचें काम मंदावतें. दाण्यास नत्र तर हवेंच असतें. मग तो पानांतलें नत्र काढून घेऊं लागतो, आणि पानें पिवळीं होऊन गळतात. त्याच सुमारास वरची माती वाळलेली असली तर जमिनींत खत असूनही मूळ तें उचलूं शकत नाहीं. कारण मूळ अन्न खात नाहीं, पितें. कोरडवाहू हरभरा व तूर ह्यांची हीच अवस्था होते. अशा वेळीं फुलोऱ्यांत एकदां व त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनीं शेंगा भरतांना एकदां, शेंकडा दोन प्रमाणें युरिया किंवा डीएपी फवारल्यास पानें कांहीं दिवस अधिक हिरवीं राहतात व दाणा भरतो. पावसानें ओढ दिली असतां शेंकडा एक पोटॅशियम नायट्रेट, ज्यास दुकानांत तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात, तें वापरतात. २०१४ व २०१५ ह्या लागोपाठच्या अवर्षणांत मराठवाड्यानें जें सोसलें तें आठवून पाहिलें, तर चार दाणे अधिक भरण्याची किंमत कोणास सांगावयास नको. मात्र झाड मुळापासून सुकूं लागल्यावर ह्याचा उपयोग नाहीं; तहानेनें व्याकुळ झालेल्या पानांवर मीठच तें.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. आयोवा प्रांतांतील गार्सिया व हॅनवे ह्या दोघांनीं १९७६ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं दाणा भरतांना सोयाबीनवर नत्र, स्फुरद, पालाश व गंधक हीं ठराविक प्रमाणांत मिसळून फवारलीं असतां उत्पन्नांत मोठी वाढ होते. देशभर आशा उत्पन्न झाली. मग ठिकठिकाणीं तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हां कोठें थोडी वाढ, कोठें कांहींच नाहीं, कोठें पानें भाजून उलट घट, असें दिसून आलें. पुढें त्याच आयोवांत शेतकऱ्यांच्या शेतांवर पुष्कळ चांचण्या झाल्या व त्यांत थोड्याच शेतांत फायदा आढळला. पहिले शास्त्रज्ञ खोटें बोलले असें मुळींच नाहीं. त्यांच्या शेतांत त्या वर्षीं जें घडलें तें खरें. पण एका शेताचें फळ दुसऱ्या शेतास लागू होईलच असें नसतें. दुकानांतील भिंतीवर ज्या शेतकऱ्याचें चित्र टांगलेलें असतें त्यासही हेंच लागू करावें.

फवारणीच्या कांहीं गोष्टी थोडक्यांत. डीएपी पाण्यांत लवकर विरघळत नाहीं. आदल्या रात्रीं भिजत घालून सकाळीं वरचें निवळ पाणी गाळून घ्यावें. पंधरा लिटरांच्या पंपास शेंकडा दोन म्हणजे ३०० ग्रॅम. "जास्त घातलें तर जास्त गुण" असें समजून हात सैल सोडला तर पानें करपतात. डीएपींत झिंक सल्फेट मिसळूं नये, दोहोंचा मिळून साका होतो व दोन्हींही फुकट जातात. दुपारच्या उन्हांत फवारूं नये. एकरास लागणाऱ्या चार किलो डीएपीची किंमत, गोणी १,३५० रुपयांस होती त्या २०२४ सालच्या भावानें, १०८ रुपये पडते.

ही किंमत मुद्दाम सांगितली. कारण एकरीं शेंकडों रुपयांच्या बाटल्या घेऊन जाणारा मनुष्य त्या १०८ रुपयांच्या फवाऱ्यास हलकें समजतो. बाटलीवर नांव भारदस्त असतें, चित्रांत शेंगा लोंबत असतात, आंत काय आहे तें मात्र बारीक अक्षरांत. अशा मालापैकीं वनस्पतीस उत्तेजन देणाऱ्या द्रव्यांना केंद्र सरकारनें २०२१ सालीं खत नियंत्रण आदेशाखालीं आणलें. तत्पूर्वीं त्यांस धड खताचा कायदा लागू नव्हता, धड औषधाचा नव्हता. त्यांतलीं सर्वच निरुपयोगी आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण शेजारी बाटली घेऊन आला तर वाचणाऱ्यानें पांच गोष्टी शोधाव्या: आंत कोणतें द्रव्य, शेंकडा किती, कोणत्या पिकास, नोंदणीचा क्रमांक आहे काय, आणि पक्की पावती मिळाली आहे काय. शेंकडा किती हें लिहिलें नसेल, तर वर केलेलें त्रैराशिक मांडतांच येत नाहीं. ज्याचा हिशेब मांडतां येत नाहीं त्यासाठीं उधारी करूं नये, असें स्पष्ट सांगावें. उधारींत घेतलेली वस्तु दुकानदार ठरवितो, शेतकरी नव्हे; आणि मोंढ्यांत माल घालतांना तीच रक्कम आधीं कापली जाते. मग घरीं काय येतें हें घरधनिणीस विचारावें.

राहिला जमिनीचा प्रश्न. कडधान्य जमीन सुधारतें असें आपण म्हणतों, व मूग, उडीद आणि तूर ह्यांच्या बाबतींत तें बरेंच खरें आहे. तुरीचीं पानें हंगामभर गळून खालीं थर होतो, मूळ खोल जाऊन चिकण जमिनीस वाट करून देतें. मुगाच्या शेंगा तोडून झाड गाडलें तर तें हिरवळीचें खतच. सोयाबीनविषयीं मात्र असें सरसकट म्हणतां येत नाहीं. तें आपल्या गरजेच्या नत्रापैकीं साधारण निम्में किंवा थोडें अधिक हवेंतून मिळवितें, बाकीचें जमिनींतून. आणि दाण्यांत इतकें नत्र भरतें कीं दाणा विकला, भुसाही विकला अथवा पेटवून दिला, तर जमिनीच्या खात्यांत जमेपेक्षां खर्चच अधिक पडतो. सालोसाल सोयाबीनवर सोयाबीन घेणारा व वरून फवारे मारून पानें हिरवीं ठेवणारा शेतकरी ठेव मोडून व्याज म्हणून खातो. फवाऱ्यानें पिकास जें जस्त मिळालें तें मिळालें, जमिनीस त्याचा लाभ जवळजवळ शून्य.

ह्या गोष्टीचा पुरावा आपल्या जिल्ह्यांतच आहे. निजामाच्या राजवटींत १९१८ सालीं परभणी येथें शेतीचें प्रयोगक्षेत्र सुरू झालें. तेथेंच १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें व २०१३ सालीं त्यास वसंतराव नाईक ह्यांचें नांव देण्यांत आलें. तुरीच्या बीडीएन ७११ सारख्या जाती ह्याच विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रांतून आल्या. त्या विद्यापीठांत २००६ पासून एकाच जागीं खरिपांत सोयाबीन व रब्बींत करडई घेऊन, कांहीं वाफ्यांस कांहींच खत नाहीं, कांहींस निव्वळ नत्र, कांहींस नत्र-स्फुरद-पालाश, व कांहींस तेंच शेणखतासह, असा दीर्घकालीन प्रयोग चालविला आहे. इंग्लंडांत रोथमस्टेड येथें १८४३ पासून चाललेल्या प्रयोगाचाच हा धाकटा भाऊ म्हणावयाचा. उपाशी वाफा व निव्वळ नत्राचा वाफा मागें पडतात. समतोल खताबरोबर शेणखत मिळालेला वाफा पिकांत व मातींतील सेंद्रिय कर्बांत पुढें असतो. शेणखत म्हणजे नुसतें अन्न नव्हे. त्यानें माती भुसभुशीत होते, पाणी धरते, बांधलेलें जस्त व स्फुरद सुटतें, आणि गांठींच्या जिवाणूंस उन्हाळ्यांत आसरा मिळतो. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टीनें कित्येक ठिकाणीं शेतांची वरची मातीच वाहून गेली. तशा शेतास तर बाटलीनें कांहीं होण्यासारखें नाहीं. गाडीभर शेणखत, गाडलेलें कुटार व एखादें साल मूग-तूर, ह्यानेंच तें हळूहळू सांवरेल. बैल गेले, ट्रॅक्टर आले, शेण कमी झालें, ही अडचण खरी आहे. म्हणून निदान सोयाबीनचा भुसा पेटवूं नये, आणि दर चार ओळींनंतर तुरीची एक-दोन ओळी धरावी.

माती तपासून घेण्यास उन्हाळा हा काळ योग्य, खत टाकण्यापूर्वीं. शेतांत दहा-बारा ठिकाणीं वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडावी. उकिरड्याजवळची, झाडाखालची व बांधालगतची घेऊं नये. सर्व एकत्र करून, चौथाई करीत करीत अर्धा किलो उरली म्हणजे कापडी पिशवींत घालून पाठवावी. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत नत्र, स्फुरद, पालाशाबरोबर सेंद्रिय कर्ब, गंधक, जस्त, लोह, बोरॉन वगैरे मिळून बारा गोष्टींची नोंद असते. ती पत्रिका पुष्कळ घरीं आढ्याला खोंवलेली आढळते. वर्गाच्या दिवशीं ती खालीं काढून आणण्यास सांगावें व जस्त आणि लोह ह्यांच्यापुढील आंकडा सर्वांस वाचून दाखवावा.

आणि ज्यास फवारा मारावयाचाच आहे त्यानें एवढें करावें. शेताच्या मधोमध सहा ओळी औषधावांचून ठेवाव्या. पण त्यांवरही त्याच दिवशीं, त्याच पंपानें नुसतें पाणी फवारावें, कारण कोरड्या दिवसांत नुसत्या पाण्यानेंही पानें टवटवीत दिसतात व औषधाचें श्रेय पाण्यास कीं पाण्याचें औषधास, हें कळत नाहीं. ओळींच्या दोन्हीं टोंकांस खुंट्या ठोकाव्या. काढणीच्या वेळीं त्या सहा ओळी व शेजारच्या फवारलेल्या सहा ओळी निरनिराळ्या कापून, निरनिराळ्या मळून, एकाच ताजव्यांत तोलाव्या. दोन वजनांतील फरकास त्या दिवशींच्या मोंढ्याच्या भावानें गुणावें, त्यांतून तेवढ्या ओळींवर पडलेला औषधाचा व मजुरीचा खर्च वजा करावा, आणि जो आंकडा येईल तो वर्षासह वहींत लिहून ठेवावा.